सिंफनी ऑर्केस्ट्रा: स्टेजमागचं काम आणि समोर बसून ऐकणं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मुंबईत सिंफनी ऑर्केस्ट्राच्या मैफलींच्या मागच्या बाजूला मी बरीच पडेल कामं केली आहेत. खुर्च्या मांडल्या, स्टँड उचलले, पार्टवर (वादकापुढच्या स्वरलिपीच्या पानांवर) पेन्सिलीने खुणा केल्या. त्यामुळे ओळखीतल्या कुणाला अशा मैफलीचं तिकीट मिळालं की हटकून फोन येतो. त्या फोनवर जे विचारलं जातं, ते इथे आहे. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं खूप आहे.

मुंबईत खरंच स्वतःचा सिंफनी ऑर्केस्ट्रा आहे?

आहे. सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया. 2006 साली नरिमन पॉइंटच्या एनसीपीएत (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) त्याची सुरुवात झाली. एनसीपीएचे खुश्रू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मारात बिसेनगालिएव्ह या दोघांनी तो उभा केला. मुख्य हंगाम दोन, फेब्रुवारीच्या आसपास एक आणि सप्टेंबरच्या आसपास दुसरा. तेवढे आठवडे मोठ्या मैफली होतात, एरवी लहान संचातल्या.

त्याआधीही शहरात हे संगीत होतं. मेहली मेहतांनी 1935 साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला. त्यांचा मुलगा झुबिन पौगंडावस्थेतच वडिलांच्या तालमी घ्यायला लागला होता. पुढे तो जगप्रसिद्ध कंडक्टर, म्हणजे ऑर्केस्ट्राचं संचालन करणारा, झाला ते सर्वांना ठाऊक आहे.

वादक बहुतेक परदेशीच दिसतात. आपली माणसं का नाहीत?

आहेत, पण थोडी. कायम मुंबईत राहणारा वादकांचा एक गट आहे. ते वर्षभर वाजवतात आणि एनसीपीएच्या संगीत अकादमीत मुलांना शिकवतात. ही अकादमी 2012 साली निघाली. हंगामात मोठी रचना घ्यायची म्हणजे 80-90 माणसं लागतात, तेव्हा बाकीचे बाहेरून येतात. बासून किंवा फ्रेंच हॉर्न ही फुंकवाद्यं त्या दर्जाने वाजवणारे आपल्याकडे किती असणार? वादक घडायला लहानपणापासून दहा-पंधरा वर्षं जातात आणि ती घडवणाऱ्या शाळा आपल्याकडे कमी.

मात्र 'हे आपलं नव्हेच' असं कुणी म्हणालं की मला गोवा आठवतो. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये पोरांना सोल्फेज (स्वरलिपी वाचून गाणं) आणि व्हायोलिन शिकवायचे. ती पोरं मोठी होऊन मुंबईला आली, बँडमध्ये, हॉटेलांत आणि हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात वाजवू लागली. प्यारेलाल व्हायोलिन शिकले ते अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे. आपण लहानपणापासून रेडिओवर जे ऐकलं, त्यातले कितीतरी व्हायोलिनचे ताफे नोटेशन वाचणाऱ्या याच गोवेकर मंडळींचे होते.

पहिल्यांदाच जातोय. पाश्चात्त्य संगीतातलं काही कळत नाही. चालेल का?

चालेल. फक्त पहिल्याच खेपेला माहलरची तिसरी सिंफनी (सिंफनी म्हणजे ऑर्केस्ट्रासाठीची अनेक भागांची मोठी रचना) निवडू नका. ती दीड तासाहून लांब आहे. द्वोर्झाकची नववी ('न्यू वर्ल्ड') घ्या, रिम्स्की-कोर्साकॉवची 'शहरजाद' घ्या, बीथोवनची पाचवी घ्या. आदल्या दिवशी घरी एकदा ऐकून जा. अभ्यास म्हणून नको, सैपाक करताना लावून ठेवली तरी पुरे. ओळखीची सुरावट कानावर आली की माणूस खुर्चीत सैलावतो.

आणि एकेक वादक नजरेत धरून बसा. द्वोर्झाकच्या नवव्या सिंफनीत झांजेचा एकच टोला आहे, शेवटच्या भागात, तोही जोराचा नाही. ट्युबावाला (ट्युबा हे मोठं पितळी फुंकवाद्य) फक्त दुसऱ्या भागातले मोजके स्वर वाजवतो आणि उरलेला वेळ मांडीवर वाद्य घेऊन बसतो. बीथोवनच्या पाचवीत ट्रॉम्बोनवाले तीन भाग नुसते बसून असतात, चौथा सुरू झाला की एकदम उसळतात. याउलट राव्हेलच्या 'बोलेरो'त साइड ड्रमवाला पहिल्या मात्रेपासून शेवटपर्यंत, सुमारे पंधरा मिनिटं, एकच ठेका धरून असतो, सुरुवातीला जेमतेम ऐकू येईल एवढ्या आवाजात. त्याच्या मनगटांकडे बघत बसलात तरी पैसे वसूल.

तिकीट कुठे मिळतं आणि कुठल्या रांगेत बसावं?

एनसीपीएच्या तिकीटबारीवर किंवा बुकमायशोवर. जागेबद्दल माझं मत ठाम आहे: पुढच्या महागड्या रांगांच्या मागे लागू नका. तिथे पहिल्या व्हायोलिनवाल्यांचे बूट दिसतात आणि मागचे फुंकवाद्यवाले दिसतच नाहीत. बाल्कनीत आवाज एकजीव होऊन येतो आणि सगळा पट वरून दिसतो. पियानो कॉन्चेर्टो (पियानोवादक आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना) असेल तर डाव्या अंगाला बसा, म्हणजे बोटं दिसतील.

मोठ्या मैफली बहुधा जमशेद भाभा थिएटरमध्ये असतात. तिथे अकराशेच्या आसपास खुर्च्या आहेत. 1997 मध्ये बांधकाम चालू असतानाच या थिएटरला आग लागली होती, ते पुन्हा उभं करून 1999 मध्ये उघडलं. आत शिरल्यावर जो संगमरवरी जिना दिसतो तो पेटिट हॉल या जुन्या पारशी बंगल्यातून आणलेला आहे. मध्यंतरात चहाच्या रांगेत उभं राहण्याऐवजी तो बघून या. शेजारचं टाटा थिएटर 1980 चं, फिलिप जॉन्सन यांनी आखलेलं.

कसं पोचायचं?

चर्चगेटला उतरून चालत किंवा शेअर टॅक्सीने. मेट्रो-3 ने आलात तर विधान भवन स्थानकावरून चालत जाता येतं. सप्टेंबरचा हंगाम पुष्कळदा गणपतीत येतो. विसर्जनाच्या दिवशी मरीन ड्राइव्ह आणि गिरगाव चौपाटीकडचे रस्ते बंद असतात, तेव्हा गाडी घरीच ठेवा. वाद्यांचा टेम्पो त्या दिवशी कुठून आणि किती वाजता काढायचा यावर आमच्याकडे आठवडाभर आधी खल चालतो.

सूट-टाय घालावा लागतो का?

नाही. कुर्ता, साडी, जीन्स, काहीही चालतं. शाल मात्र असू द्या, एसी कडक असतो.

किती वाजता पोचावं?

अर्धा तास आधी. नाटकाला आपण तिसऱ्या घंटेला धावत शिरतो, ते इथे जमत नाही. दार बंद झालं की पहिली रचना संपेपर्यंत बाहेर उभं राहावं लागतं.

लवकर जायचं दुसरं कारण स्टेजवर असतं. वादक एकेकटे येऊन बसतात, अवघड जागा पुन्हा पुन्हा घोळवतात, कुणी रीड (फुंकवाद्याच्या तोंडाची वेताची पट्टी) ओली करत असतं. त्या गलक्यात रात्री वाजणाऱ्या संगीताचे तुकडे ऐकू येतात. मग कॉन्सर्टमास्टर येतो (पहिल्या व्हायोलिनांचा म्होरक्या), उभा राहतो, ओबो या फुंकवाद्याचा वादक एक लांब 'ए' स्वर धरतो. तो सहसा 440 ते 442 हर्ट्झच्या मध्ये असतो. आधी फुंकवाद्यं, मग तंतुवाद्यं त्याला लागतात. पियानो असेल तर स्वर पियानोचा, कारण पियानो ऐन वेळी कुणासाठी बदलत नाही.

टाळ्या कधी वाजवायच्या?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि लोक उगीच धास्तावतात. सिंफनीचे बहुधा चार भाग असतात, कार्यक्रमपत्रिकेत ते छापलेले असतात. सगळे संपल्यावर टाळ्या. मोजणी चुकली तर कंडक्टरच्या हाताकडे बघा. हात खाली आले आणि तो आपल्याकडे वळला, की वाजवा.

चायकॉव्स्कीच्या सहाव्या सिंफनीचा तिसरा भाग इतक्या धडाक्यात संपतो की जगात सगळीकडे लोक तिथे टाळ्या वाजवतात, आणि खरा शेवटचा भाग, अगदी विझत जाणारा, अजून व्हायचा असतो. तुमच्याकडून तसं झालं तर काही बिघडत नाही. मोत्सार्टच्या काळात भागाच्या मधेही टाळ्या पडत. 1778 मध्ये पॅरिसहून वडिलांना लिहिलेल्या पत्रात त्याने हे आनंदाने कळवलंय. आपल्याकडे समेवर दाद द्यायची सवय असते, तोंडातून 'वाह' निघू पाहतं, ते मात्र आवरावं लागतं. मला स्वतःला हा नियम थोडा जाचक वाटतो, पण पाळतो.

मागे बसलेला ड्रमवाला वाद्यावर कान टेकून काय करतो?

तो टिंपनी (मोठे नगारे) सुरात लावत असतो. रचनेत पुढे वेगळा स्वर लागणार असतो, तेव्हा बाकीचे वाजवत असतानाच तो बोटाने कातड्यावर हलकी टिचकी मारून, कान जवळ नेऊन, पेडलने स्वर बदलतो. शेजारी ट्रंपेट गरजत असताना हे करायचं म्हणजे खायचं काम नाही.

स्टेजमागे कोण कोण असतं?

ऑर्केस्ट्रा मॅनेजर, लायब्ररियन, स्टेज मॅनेजर आणि त्याची पोरं, पियानो ट्यूनर, प्रकाशवाले, दारावरची माणसं, तिकीटबारी, कार्यक्रमपत्रिका लिहिणारे. ऑर्केस्ट्रा मॅनेजरचं काम ऐकायला कारकुनी वाटतं: व्हिसा, हॉटेल, तालमीच्या वेळा, हजेरी. पण पहाटे दोनला विमानतळावर उतरलेल्या हॉर्नवाल्याचं सामान आलं नाही, सकाळी दहाला तालीम आहे आणि वाद्य त्या सामानात आहे, अशा वेळी जो माणूस शांत राहतो तो हाच. तालमीची वेळ तर काटेकोर असते. तीन तासांची तालीम म्हणजे मधल्या सुट्टीसकट तीन तास, कंडक्टर कितीही रंगात आला तरी.

खुर्च्या मांडायला एवढं काय असतं?

मलाही सुरुवातीला असंच वाटायचं. मोठ्या संचात तंतुवाद्यांची वाटणी साधारण 16 पहिली व्हायोलिनं, 14 दुसरी, 12 व्हिओला, 10 चेलो आणि 8 डबल बास अशी असते. दोघांत एक स्टँड, म्हणजे पार्ट ठेवायची घडवंची. बाहेरच्या बाजूचा वाजवत राहतो, आतला पान उलटतो. म्हणजे स्टँड दोघांना दिसेल असा हवा, त्याच्यावरून कंडक्टरही दिसायला हवा आणि बो (वाजवायचा गज) पूर्ण खेचली तरी शेजाऱ्याला कोपर लागता कामा नये. व्हायोलिनला उजवीकडे जागा लागते, चेलोला पुढे. चेलोचा खालचा खिळा गुळगुळीत फळीवर घसरतो, त्याला पट्टा किंवा लाकडाचा तुकडा द्यावा लागतो. बासवाल्यांना उंच स्टूल. ट्रंपेटच्या थेट पुढ्यात बसणाऱ्यांच्या कानांचीही काळजी घ्यायची, मध्ये पारदर्शक पडदा लावायचा.

पडद्याच्या थिएटरात आणखी एक भानगड असते. स्टेजच्या वर पडदे-दिवे टांगायची मोकळी जागा असते, आवाज तिकडे निघून जातो. म्हणून मागे, बाजूंना आणि वर लाकडी भिंतींचं शेल उभं करतात. ते नसेल तर मागच्या रांगेत चेलो पोचत नाही.

रचना बदलली की मांडणी बदलते. पहिल्या आणि दुसऱ्या रचनेच्या मध्ये काळ्या कपड्यांतली चार-पाच पोरं येतात, दोन-तीन मिनिटांत वीस खुर्च्या हलवून जातात. पुढच्या खेपेला मोबाइल काढण्याऐवजी त्यांच्याकडे बघा. प्रत्येकाच्या खिशात कागद असतो आणि फरशीवर रंगीत चिकटपट्टीच्या खुणा असतात.

लायब्ररियन म्हणजे पुस्तकं सांभाळणारा?

पार्ट सांभाळणारा. कंडक्टरपुढे सगळ्यांचं मिळून लिहिलेलं स्कोर असतं, वादकापुढे फक्त त्याच्या वाद्याचा पार्ट. हे पार्ट येतात कुठून? संगीतकाराला जाऊन पुष्कळ वर्षं झाली असतील तर विकत घेता येतात. द्वोर्झाक 1904 मध्ये गेला, त्याचे पार्ट घेऊन कायमचे कपाटात ठेवता येतात. शोस्ताकोविच 1975 मध्ये गेला. आपल्या कायद्यात मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतात, युरोपात बहुतेक ठिकाणी 70. अशा संगीतकारांचे पार्ट प्रकाशकाकडून भाड्याने येतात आणि मैफल झाली की परत जातात.

आल्यावर खरी मेहनत सुरू होते. सगळ्या पहिल्या व्हायोलिनांच्या बो एकाच दिशेने खालीवर होताना दिसतात ना, ते आपोआप होत नाही. कॉन्सर्टमास्टर आपल्या पार्टवर खुणा करतो, खाली खेचायची खूण म्हणजे खालून उघडा चौकोन, वर न्यायची म्हणजे इंग्रजी व्ही. इतर तंतुवाद्यांचे म्होरके त्याच्याशी जुळवून आपापल्या खुणा करतात. मग लायब्ररियन त्या प्रत्येक स्टँडवरच्या पार्टवर उतरवतो. वरच्या संचात 30 स्टँड होतात. चाळीस मिनिटांची सिंफनी, तीस पार्ट, हातात मऊ पेन्सिल. शाई चालत नाही, कारण तालमीत कंडक्टर म्हणणार, इथे उलटं करा. आणि पार्ट भाड्याचे असतील तर शेवटी सगळं खोडून परत पाठवायचं.

दुसरी डोकेदुखी पान उलटण्याची. जिथे वादकाला विश्रांती आहे तिथेच पान संपायला हवं. छापणाऱ्याने तो विचार केला नसेल तर पुढच्या चार ओळींची प्रत काढून घडीपत्र म्हणून डकवायची. कागद पांढराशुभ्र नको, दिव्यात चमकतो. किंचित पिवळसर आणि जाड बरा, उलटताना फडफडत नाही. आणि स्कोर एका आवृत्तीचं, पार्ट दुसऱ्या, असं झालं तर पहिल्या तालमीत कंडक्टर 'लेटर के' (पार्टवर छापलेल्या अक्षरखुणांपैकी एक) म्हणतो आणि अर्धे लोक भलतीकडून सुरुवात करतात.

मुंबईच्या हवेचा वाद्यांवर परिणाम होतो का?

फार. दमट हवेत व्हायोलिनच्या खुंट्या फुगून अडकतात, बोचे घोड्याच्या शेपटीचे केस लांबतात आणि ती नीट ताणली जात नाही. पियानोचं लाकूड फुगलं की स्वर चढतात. म्हणून मैफलीच्या कितीतरी तास आधी, हॉल रिकामा असतानाच, एसी चालू करून ठेवतात. आर्द्रता 40 ते 60 टक्क्यांत राहिली की सगळे खूश. मग बाहेर पाऊस, आत अकराशे माणसं ओल्या छत्र्यांसकट, आणि मध्यंतरात ट्यूनर पुन्हा पियानोपाशी.

मोठा कॉन्सर्ट पियानो, उदाहरणार्थ स्टाइनवेचा डी, 274 सेंटिमीटर लांब आणि सुमारे 480 किलोचा. तो पुढे आणायचा तर पहिल्या दोन-तीन स्टँडवरचे व्हायोलिनवाले उठवावे लागतात. चाकांचे ब्रेक लावलेत का, हे दोन वेगवेगळी माणसं तपासतात.

ट्रंपेट ऐकू येतो पण स्टेजवर कुणीच वाजवताना दिसत नाही. कसं काय?

तो विंगेत किंवा बाहेरच्या पॅसेजमध्ये उभा असतो. बीथोवनच्या तिसऱ्या 'लिओनोरा' ओव्हर्चरमध्ये (ऑपेराच्या सुरुवातीला वाजणारी रचना) असा दूरचा ट्रंपेट आहे, माहलरच्या दुसऱ्या सिंफनीत तर बाहेर छोटा बँडच आहे. लांबून आलेला स्वर किंचित उतरलेला वाटतो, म्हणून ते वाद्य थोडं चढवून लावतात. वादकापुढे कंडक्टर दाखवणारा टीव्ही असतो आणि दार किती उघडायचं ते तालमीत ठरतं. 'लिओनोरा'बद्दल जुना किस्सा जगभरच्या ऑर्केस्ट्रांत फिरतो: ऐन वेळी सुरक्षारक्षकाने ट्रंपेटवाल्याचं मनगट धरलं, 'आत मैफल चालू आहे, इथे कसला वाजवतोस?' खरं-खोटं देव जाणे, पण तेव्हापासून दारावर आमचा एक माणूस उभा असतोच.

तबला आणि सिंफनी ऑर्केस्ट्रा एकत्र जमतं का?

झाकीर हुसेन यांनी याच ऑर्केस्ट्रासाठी तबला कॉन्चेर्टो लिहिला, 'पेशकार'. तो 2015 मध्ये एनसीपीएत पहिल्यांदा वाजला आणि 2019 च्या ब्रिटन दौऱ्यातही त्यांनीच वाजवला. अशा रचनेत स्टेजमागच्यांना नव्याने विचार करावा लागतो. तबलजी मांडी घालून बसणार, म्हणजे त्याला चौथरा हवा, इतका उंच की कंडक्टरची नजर सरळ भिडेल. सत्तरेक वाद्यांपुढे बोटांचं नाजूक काम ऐकू यायचं तर मायक्रोफोनचा प्रश्न येतो. आणि एसीच्या झोतात तबला ठेवायचा नाही, हे आपल्याकडच्या पोराला सांगावं लागत नाही.

परदेश दौऱ्यात वाद्यं कशी नेतात?

व्हायोलिन हातात, चेलोला विमानात स्वतःचं तिकीट, बास आणि टिंपनी कडक पेट्यांतून मालवाहतुकीने. कस्टम्ससाठी एटीए कार्ने नावाचं कागदपत्र लागतं, भारतात ते फिक्की ही उद्योग-व्यापार संघटना देते. त्यात प्रत्येक वाद्याची नोंद असते आणि परत येताना तेवढीच यावी लागतात. जुन्या बोच्या टोकाला हस्तिदंत असेल तर वन्यजीव परवान्याची वेगळी कटकट.

मला अशा ठिकाणी काम करायचंय. नोटेशन वाचता यायलाच हवं?

लायब्ररीत करायचं तर हवंच. स्टेजवर नसलं तरी चालतं, पण स्कोर बघून आता कुठे आहोत एवढं कळलं तर किंमत वाढते. नाटकाचं बॅकस्टेज केलेली मंडळी इथे पटकन रुळतात, कारण अंधारात आवाज न करता वावरायची शिस्त त्यांना असते. काळे कपडे, मऊ तळव्यांचे बूट, खिशात पेन्सिल आणि चिकटपट्टी, किल्ल्यांचा जुडगा मुळीच नाही. कामाच्या जाहिराती संस्थांच्या संकेतस्थळावर येतात. हंगामात जादा हात लागतात, तेव्हा विचारलेलं बरं. पैसे आयटीवाल्यांना हसू येईल असे असतात.

काम करताना मैफल ऐकता येते का?

येते, पण वाकडी. विंगेत उभं राहिलं की एका बाजूचे बास छातीत घुमतात आणि पलीकडची व्हायोलिनं शेजारच्या इमारतीत वाजल्यासारखी वाटतात. हॉर्नचं तोंड मागे वळलेलं असल्याने मागून त्याचा आवाज अंगावर येतो. त्या बदल्यात समोरच्यांना न दिसणारं दिसतं: दार उघडण्याआधी कोटाचं बटण तिसऱ्यांदा तपासणारा सोलोइस्ट, टाळ्यांतून आत आल्यावर पाण्याची अख्खी बाटली रिचवून 'पुन्हा जाऊ?' असं नजरेनेच विचारणारा कंडक्टर. किती वेळा पुन्हा बाहेर पाठवायचं हे पुष्कळदा स्टेज मॅनेजर टाळ्यांचा अंदाज घेऊन ठरवतो. संगीत नीट ऐकायचं असेल तर मी तालमीला रिकाम्या हॉलमध्ये मागे जाऊन बसतो.

मुलांना नेलं तर?

वयाची अट तिकीट काढताना वाचून घ्या. चुळबुळं मूल असेल तर मध्यंतरापर्यंतच थांबा, त्यात कमीपणा नाही.

खोकला आला तर?

गोळीचा कागद आधीच सोडवून ठेवा. हळूहळू सोडवलेला कागद जास्त छळतो.

मोबाइलवर रेकॉर्डिंग केलं तर चालेल?

नाही. वाजवताना फोटोही नको, पडद्याचा उजेड मागच्या रांगांना खुपतो. शेवटच्या टाळ्यांच्या वेळी एखादा फोटो काढला तर सहसा कुणी हटकत नाही, तरी दारावरच्या माणसाला विचारून काढा.